कुटुंबकायद्याचे भवितव्य : एक अर्थविचार

कुटुंबविषयक कायदा बदलतो तो नवी विधेयके संमत झाल्यामुळे, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा नसला तरी अपुरा आहे. कलमातील अक्षर जसेच्या तसे राहून केवळ त्याचा अर्थ पालटल्याची उदाहरणे भारतीय कायद्याच्या अलीकडील इतिहासात थोडी नाहीत. समाजाचे व्यवहार पुढे जातात, कायद्याचा शब्द मागे राहतो, आणि या दोहोंमधील अंतर भरून काढण्याचे काम न्यायालयीन अर्थनिर्णयाकडे येते. हे काम कोठपर्यंत होऊ शकते, या प्रश्नाशी कुटुंबकायद्याचे भवितव्य निगडित आहे.

पहिले उदाहरण एका क्रियाविशेषणवजा शब्दाचे आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ याच्या सहाव्या कलमानुसार अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक पिता होय, आणि 'त्याच्यानंतर' माता. लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ मध्ये आपल्या अज्ञान मुलाच्या नावे रोखे घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला, तेव्हा पित्याची स्वाक्षरी मागण्यात आली. पिता हयात असताना माता पालक कशी, हा त्यामागील तर्क होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये निर्णय दिला की, 'आफ्टर' या शब्दाचा अर्थ 'मृत्यूनंतर' एवढाच घेणे आवश्यक नाही. 'अनुपस्थितीत' असाही तो घेता येतो, आणि पिता मुलाच्या बाबतीत पूर्णतः उदासीन असेल तर तीही अनुपस्थितीच होय. मराठी भाषकास हा अर्थविस्तार अपरिचित वाटू नये. 'माझ्या पश्चात घर सांभाळा' हे वाक्य प्रवासास निघालेला मनुष्य उच्चारतो, तसेच मरणासन्न मनुष्यही. मात्र या विस्तारालाही मर्यादा आहे. कर्तव्यदक्ष पिता घरात असताना मातेचे स्थान दुसरेच राहिले. शब्द लवचीक ठरला, पण क्रम तोच राहिला. विधी आयोगाने २०१५ मध्ये माता व पिता यांना समान पालकत्व देण्याची शिफारस केली, ती यामुळेच.

दुसरे उदाहरण 'पत्नी' या शब्दाचे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमान्वये (ते आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १४४ वे कलम झाले आहे) पत्नीस निर्वाहखर्च मागता येतो. पहिली पत्नी हयात असलेल्या पुरुषाशी जिचा विवाह झाला, ती या कलमापुरती 'पत्नी' नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ठरविले. विवाह अवैध, म्हणून पत्नीपद नाही, हा अर्थ कोशाच्या दृष्टीने निर्दोष होता. परंतु त्यामुळे फसवणूक करणाऱ्याची जबाबदारी संपत होती आणि फसविल्या गेलेल्या स्त्रीच्या पदरी काहीच पडत नव्हते. २०१३ मध्ये त्याच न्यायालयाने कलमाचा हेतू ध्यानात घेतला आणि पहिला विवाह लपवून जिच्याशी लग्न केले गेले, तिला निर्वाहखर्चापुरते पत्नी मानले. येथे शब्दाचा अर्थ व्युत्पत्तीने किंवा रूढीने ठरला नाही. तो प्रयोजनाने ठरला.

अर्थ ताणून भागत नाही, तेव्हा शब्दच वगळावा लागतो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ यात उत्तरवादी म्हणजे 'प्रौढ पुरुष' अशी व्याख्या होती. त्यातील 'प्रौढ' व 'पुरुष' ही दोन्ही विशेषणे समतेच्या तत्त्वास बाधक ठरवून न्यायालयाने २०१६ मध्ये रद्द केली. परिणामी स्त्री नातलगांविरुद्ध दाद मागण्यातील अडसर दूर झाला.

परंतु प्रत्येक शब्दास असे एकटे उचलता येत नाही. विशेष विवाह अधिनियम, १९५४ यातील 'पती' व 'पत्नी' यांच्या जागी लिंगनिरपेक्ष शब्द वाचावा, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मान्य केली नाही. भाषेच्या अभ्यासकास यात एक परिचित तत्त्व आढळेल. शब्दाचे मूल्य त्याच्या संबंधांतून येते. विवाहाच्या कायद्यातील 'पत्नी' वारसाहक्क, निर्वाह, दत्तकविधान अशा अनेक कायद्यांतील शब्दांशी बांधलेली आहे. एक गाठ सोडविताना सारे जाळे हलते, आणि ते नव्याने विणणे हे विधिमंडळाचे कार्य आहे.

विधिमंडळाने नवा शब्द घडविला म्हणजे प्रश्न सुटला, असेही नव्हे. २००५ च्या अधिनियमाने 'विवाहसदृश संबंध' ही संज्ञा स्वीकारली, ती अशा संबंधातील स्त्रीस संरक्षण मिळावे म्हणून. उत्तराखंडाच्या २०२४ च्या समान नागरी संहितेत त्याच कल्पनेच्या आधारे सहजीवनाची व्याख्या केली गेली, आणि तिच्यामागोमाग नोंदणीची सक्ती आली. एकच संज्ञा एके ठिकाणी आश्रय देते, दुसऱ्या ठिकाणी हजेरी घेते.

तात्पर्य, अर्थनिर्णयाने कायद्याचा शब्द काही अंतर पुढे नेता येतो, पण त्यामागची रचना बदलता येत नाही. ज्या मातेला आपल्या मुलाच्या कागदावर सही करावयाची आहे, तिने दर वेळी पित्याची अनुपस्थिती सिद्ध करावी काय? या प्रश्नाचे उत्तर 'नंतर' या शब्दाच्या आणखी सूक्ष्म अर्थाने मिळणार नाही. त्यासाठी त्या जागी 'आणि' लिहावा लागेल.