पंख पाहा, तोंड पाहा

कला शाखेच्या विद्यार्थ्याने किड्यांवर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु कन्हान परिसरातून येणाऱ्या आपल्यापैकी कित्येकांच्या घरी शेती आहे, आणि किडा दिसला की फवारा, ही रीत मी लहानपणापासून पाहत आलो आहे. म्हणून ही थोडी ओळख.

सहा पाय आणि डोके, छाती, पोट असे तीन भाग असले की तो कीटक. आठ पायांचा कोळी त्यात मोडत नाही. पुढे गण ओळखायचा तो मुख्यतः पंख व तोंड यांवरून. माशी व डास यांना पंखांची एकच जोडी, म्हणून ते द्विपंखी. मधमाशी व गांधीलमाशी यांना पातळ पंखांच्या दोन जोड्या आणि बारीक कंबर. फुलपाखरे व पतंग यांच्या पंखांवर खवले असतात. बोटाला लागते ती भुकटी त्यांचीच. कपाशीची गुलाबी बोंडअळी ही अशाच एका पतंगाची अळी.

रंगावर मात्र विसंबू नये. कपाशीवर लाल ढेकण्या असतो, तसाच लालसर ढालकिडाही असतो. ढेकण्याला सुईसारखी सोंड असते, पंख पाठीवर एकमेकांवर तिरपे येतात. तो सरकीचा रस शोषतो. ढालकिड्याचे पुढचे पंख टणक असून पाठीवर सरळ रेषेत जुळतात. तो भुंगेऱ्यांच्या गणातला. मावा खाऊन पीक राखतो.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. विष इतके महाग पडते. तेव्हा पंप पाठीवर घेण्यापूर्वी किडा नीट पाहावा, एवढीच विनंती.