बैठकीत आधी कोण बोलतो?



आपल्या देणग्यांतून किती औषधे घेतली आणि किती मुलांना वह्या दिल्या, हे आम्ही प्रत्येक अंकात कळवतो. या वेळी ही मदत ज्यांच्या हातून वाडीपर्यंत पोचते त्या आमच्या आठ कार्यकर्त्यांविषयी लिहीत आहे. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

घाटाखालच्या एका कातकरी वाडीतला एक बंधू क्षयरोगाची औषधे घेत होता. हे उपचार साधारण सहा महिने चालतात. बरे वाटू लागले म्हणून गोळ्या मध्येच सोडल्या, तर रोग उलटू शकतो आणि मग साध्या औषधांना दाद न देण्याचा धोका असतो. दिवाळी झाली आणि दरवर्षीप्रमाणे वाडीतली कुटुंबे वीटभट्टीवर निघाली. त्यांत हा बंधूही बायकामुलांसह गेला. आमच्या सर्वांत धाकट्या कार्यकर्त्याने त्यांना ट्रकमध्ये चढताना पाहिले होते. औषधांची नोंद ठेवणाऱ्या ताईंना मात्र ते ठाऊक नव्हते. त्या दोनदा जाऊन बंद झोपडीवरून परत आल्या.

कोल्हापूरला आमच्या सोमवारच्या बैठकीत हे दोघे शेजारी शेजारी बसत होते. तरी ही गोष्ट तीन आठवडे कुणाच्या तोंडून निघाली नाही. शेवटी कळले तेव्हा मी त्या मुलाला विचारले, "बाळा, बोलला का नाहीस?" तो खाली मान घालून म्हणाला, "सर, बैठकीत तुमचंच चालू असतं. शेवटी 'काही अडचण?' असं विचारता, तेव्हा सगळे पिशव्या उचलत असतात."

आम्ही भट्टी शोधून काढली आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने उपचार पुन्हा सुरू झाले. तो बंधू आज बरा आहे. पण त्या तीन आठवड्यांत त्याची लहान मुले त्याच्याच कुशीत झोपत होती, हे माझ्या मनातून जात नाही. आमच्याकडे औषध होते, माणसे होती, माहितीही होती. गट मात्र नव्हता. आठ चांगली माणसे एका खोलीत बसवली की गट आपोआप तयार होतो, असे मी समजत होतो.

त्यानंतर मी जामखेडचे काम नव्याने वाचले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० मध्ये तिथे ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले, हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत आहे. आधी शिकलेल्या परिचारिकांना खेड्यात ठेवून पाहिले, ते जमले नाही. मग गावानेच निवडलेल्या बायकांना शिकवण्याचे ठरले. त्यांतल्या बऱ्याच निरक्षर होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, आपापल्या गावात काय घडले ते सांगत आणि त्यावरूनच पुढचे शिकत. वेगवेगळ्या जातींच्या या बायका एकत्र जेवत आणि एकत्र मुक्काम करत. १९७१ च्या सुमारास त्या भागात हजार जिवंत जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. नव्वदच्या दशकात हा आकडा तिशीच्या खाली आला होता. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण श्रेय ते या बायकांना देत राहिले. गावाची खबर ज्याच्याकडे आहे, त्याला डॉक्टरांसमोर बोलता आले पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली आहे. एमी एडमंडसन या संशोधिकेने नव्वदच्या दशकात रुग्णालयांतील गटांचा आणि औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या गटांत चुका कमी आढळतील, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात त्याच गटांत चुकांची नोंद जास्त निघाली. याचे कारण, तिथली माणसे चूक झाकत नव्हती. प्रमुख अंगावर येणार नाही हा भरवसा होता, म्हणून चूक वेळेवर उघड होत होती आणि सुधारत होती. आमच्या बैठकीत कधीच चूक निघत नसे, याचा मला अभिमान होता. आता त्याच गोष्टीची भीती वाटते.

आणि हे सारे आपल्या पवित्र शास्त्रात फार आधीपासून आहे. निर्गमच्या अठराव्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे न्याय करत बसतो. सासरा इथ्रो त्याला सांगतो की अशाने तू थकशील आणि लोकही थकतील, तेव्हा विश्वासू माणसे निवड आणि भार वाटून दे. मोशेने ते ऐकले. पुढारी असून त्याने दुसऱ्याचे ऐकले, हे मला त्या अध्यायात सर्वांत मोलाचे वाटते.

मग आम्ही चार साधे बदल केले. बैठकीत सर्वांत धाकटा आधी बोलतो आणि मी शेवटी. प्रत्येक वाडीची एकच वही आहे. आजारी कोण, शाळा कुणाची सुटली, स्थलांतर कुणाचे झाले, हे त्यात जो पाहील तो लिहितो. प्रत्येक कामाला एक नाव ठरलेले असते आणि ती व्यक्ती रजेवर गेली तर दुसरे कोण, हेही ठरलेले असते. चौथा बदल मला सर्वांत जड गेला. बैठकीच्या सुरुवातीला आठवड्यातली स्वतःची एक चूक सांगायची, आणि त्यात पहिला मान माझा.

पहिले काही सोमवार खोलीत नुसती शांतता होती. मग एकदा आमच्या गाडीचालक भाऊंनी सांगितले की एका वाडीतल्या दोन मुली आठवडाभर शाळेच्या वाटेवर दिसल्या नाहीत. त्यांना आजवर कुणी विचारलेच नव्हते, कारण त्यांचे काम गाडी चालवणे, असे आम्ही धरून चाललो होतो. ताई दुसऱ्याच दिवशी त्या घरी गेल्या. मुलींना धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी ठेवले होते. आज त्या दोघी पुन्हा शाळेत जातात.

आपल्या मंडळीतही समित्या आहेत, महिला मंडळ आहे, तरुण संघ आहे. पुढच्या बैठकीत एवढेच पाहा की आधी कोण बोलतो आणि कोण कधीच बोलत नाही. जो बोलत नाही त्याला नाव घेऊन विचारा आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत थांबा.

पुन्हा दिवाळी येईल आणि कुटुंबे भट्टीवर निघतील. या वर्षी कोण, कुठे आणि कोणत्या गोळ्या घेऊन गेले, हे आमच्या वहीत असावे, यासाठी प्रार्थनेत आमची आठवण ठेवा.