साडेतीनशे ग्रॅमचं स्पिटफायर

नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये सहलीला आलेली पोरं सेंच्युरियन रणगाड्याच्या तोफेखाली फोटो काढतात आणि पुढच्या रणगाड्याकडे पळतात. मागच्या बाजूला, इंजिनाच्या झाकणापाशी कुणी थांबत नाही. या जातीच्या रणगाड्याला मीटिओर नावाचं 27 लिटरचं, बारा सिलिंडरचं इंजिन असे. मीटिओर म्हणजे स्पिटफायर विमानाचंच मर्लिन इंजिन, फक्त सुपरचार्जर काढलेलं. उंचावरच्या विरळ हवेत इंजिनाचा दम टिकावा म्हणून विमानाला सुपरचार्जर लागायचा. जमिनीवर पन्नास टनांचं लोखंड ओढायला त्याची गरज नव्हती. आपल्या हवाई दलानं 1947-48 च्या काश्मीर युद्धात स्पिटफायर उडवली, आणि त्याच घराण्याचं इंजिन आपल्या सेंच्युरियननी 1965 च्या लढाईत वापरलं. रणगाड्यांच्या या गावाचं लढाऊ विमानाशी असं नातं आहे.

मर्लिनचं वजन सुमारे 740 किलो. या लेखातल्या, रिमोटवर उडणाऱ्या छोट्या स्पिटफायरच्या मोटरचं वजन तीस ग्रॅमच्या आसपास. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 70 सेंटिमीटर, बांधणी फोमबोर्डची, आणि वेग ताशी शंभर किलोमीटरच्या घरात.

फोमबोर्ड म्हणजे दोन कागदांच्या मध्ये पाच मिलिमीटर फोम. शाळेच्या प्रोजेक्टसाठी स्टेशनरीच्या दुकानात मिळतो तोच. दुकानदार बऱ्याचदा सनबोर्ड पुढे करतो, तो घेऊ नये. पाट्या रंगवणाऱ्यांचा तो पीव्हीसीचा पत्रा आहे, त्याच मापात कितीतरी जड. बांधकामाची सगळी करामत पेपर कटरच्या पात्यात असते. वरचा कागद आणि फोम कापायचा, खालचा कागद शाबूत ठेवायचा. तोच मग बिजागरीचं काम करतो. पंख दुमडायचा तिथं फोमची एक पट्टी खरवडून काढायची, खाचेत ग्लू गनची धार सोडायची आणि गोंद थंड होईपर्यंत दाबून धरायचं. पातं बोथट झालं की फोम कापला न जाता फाटतो, कडेला दाणे निघतात, आणि ते विमान आयुष्यभर वाकडं उडतं. पात्यांवर कंजुषी करणाऱ्यांनी या छंदात पडू नये.

आता आकडेमोड. खऱ्या स्पिटफायरचे पंख टोकापासून टोकापर्यंत 11.23 मीटर, म्हणजे आपलं मॉडेल एक सोळांश. लांबी सोळा पट घटली की पंखाचं क्षेत्रफळ 16 गुणिले 16, म्हणजे 256 पट घटतं. वजन मात्र घनफळाबरोबर चालतं, ते 4096 पट घटायला हवं. तीन टनांच्या विमानाचं या हिशेबानं सुमारे 730 ग्रॅम होतं. फोमबोर्डचं विमान जेमतेम 350 ग्रॅममध्ये बसतं. खऱ्या स्पिटफायरच्या पंखाच्या दर चौरस मीटरवर 130 किलोच्या वर भार असे. आपल्या मॉडेलच्या पंखावर तो चार किलोच्या आसपास येतो. म्हणून ते ताशी तीसेक किलोमीटर वेगालाही हवेत तरंगतं, हातानं फेकून उडवता येतं, आणि ज्वारीच्या धसकटांत पडलं तरी बहुधा ग्लू गननं दुरुस्त होतं. त्यात हौसेनं वजन वाढवलं, म्हणजे रंगाचे तीन थर, प्लास्टिकचा पायलट, मोठी बॅटरी, आणि ते दुप्पट झालं, तर पंखाची पकड सुटण्याचा, म्हणजे स्टॉलचा, वेग 1.4 पट होतो. ताशी तीसचे बेचाळीस. एवढा वेग हातानं फेकून गाठताना फेकणाऱ्याची त्रेधा उडते.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. हवेचा चिकटपणा विमानाबरोबर लहान होत नाही. वेग गुणिले पंखाची रुंदी, भागिले हवेचा चिकटपणा, असा रेनॉल्ड्स अंक काढतात. खऱ्या स्पिटफायरला तो दोन कोटींच्या आसपास येतो, आपल्या मॉडेलला दीड-दोन लाख. इतक्या लहान अंकाला हवा पंखाच्या पाठीवरून वेळेआधीच सुटून जाते. म्हणजे स्पिटफायरचे रचनाकार मिचेल साहेबांनी आखलेला तो सुंदर लंबवर्तुळी पंख जसाच्या तसा छोटा केला, तर दिसायला छान, उडायला रुसका. इथं फोमबोर्डवाले एक रांगडी युक्ती करतात. पंखाच्या वरच्या बाजूला, पुढच्या निम्म्या भागावर फोमचा आणखी एक थर चिकटवतात आणि मध्यावर सरळ पायरी सोडतात. रिचर्ड क्लाइन आणि फ्लॉइड फोगलमन या अमेरिकी जोडीनं 1972 मध्ये पेटंट मिळवलेला हा पंख, आणि त्याचा उगम क्लाइनच्या कागदी विमानात. पायरीच्या आडोशाला हवेचा भोवरा अडकून राहतो आणि वरचा प्रवाह त्यावरून सरकतो, अशी कल्पना. मोठ्या विमानांना त्याचा उपयोग झाला नाही, पण दोन थर चिकटवून पंख ताठ होतो आणि स्टॉल सौम्य होतो, एवढं छंदवाल्यांना पुरतं.

वेग कुठून येतो ते साध्या गुणाकारानं कळतं. 2300 केव्हीची मोटर म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला 2300 फेरे. तीन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी 11.1 व्होल्ट देते. हवेचा भार आल्यावर फेरे वीस हजारांच्या आसपास उतरतात. पंख्याचा (प्रोपेलरचा) पिच चार इंच असेल तर दर फेऱ्याला तो दहा सेंटिमीटर पुढे सरकू पाहतो. ताशी 120 किलोमीटर ही झाली कागदावरची कमाल मर्यादा. हवेच्या विरोधातून उरलेला वेग शंभरच्या अलीकडेपलीकडे. साडेसत्तावन सेंटिमीटर लांबीचं विमान त्या वेगात सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या पन्नासेक पट अंतर कापतं. ताशी सहाशे किलोमीटरनं जाणारं खरं स्पिटफायर अठरा पट कापत असे. बघणाऱ्याला छोटं विमान जास्त चपळ वाटतं ते याचमुळे, आणि ते वाटणं खोटं नाही.

उडवणाऱ्याचे हाल मात्र इथेच सुरू होतात. तीन सेकंदांत विमान ऐंशी मीटरवर जातं आणि तिथं ते आकाशातल्या चंद्राएवढं दिसतं. येतंय की जातंय, पोट दिसतंय की पाठ, कळेनासं होतं. 1944 मध्ये नॉर्मंडीवर उतरताना दोस्तांनी आपली विमानं आपल्याच तोफांनी पाडू नयेत म्हणून पंखांवर काळे-पांढरे पट्टे ओढले होते. मॉडेलवाले तेच पट्टे पंखाच्या खालच्या बाजूला रंगवतात आणि ते खरोखर कामी येतात. दुसरा फटका फेकताना बसतो. पंखा उजवीकडे फिरतो तेव्हा विमान डावीकडे कलंडतं. आखूड पंख आणि दांडगी मोटर असली की ते डोळ्यांदेखत डाव्या पंखावर जमिनीत जातं. म्हणून मोटर मुळातच दोन-तीन अंश उजवीकडे आणि थोडी खाली वळवून बसवतात. तिसरी गोष्ट तोलाची. खऱ्या विमानाच्या नाकात पाऊण टनाचं इंजिन होतं, आपल्या नाकात तीस ग्रॅम. म्हणून बॅटरी, जी या विमानातली सगळ्यात जड वस्तू, ती नाकात कोंबून तोलबिंदू पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव रुंदीवर आणावा लागतो. मागे राहिला तर विमान पहिल्या उड्डाणातच नाक वर करून उलटतं.

नगर समुद्रसपाटीपासून सुमारे 650 मीटरवर आहे. मे महिन्याच्या दुपारी, 40 अंशांत, इथली हवा समुद्रकाठच्या प्रमाण हवेपेक्षा पंधरा टक्के विरळ असते. स्टॉलचा वेग आठेक टक्क्यांनी वाढतो आणि तेवढ्याच फेऱ्यांना पंख्याचा जोर कमी पडतो. मर्लिनला सुपरचार्जर ज्या कारणासाठी लागत होता, तेच कारण साडेतीनशे ग्रॅमच्या खेळण्यालाही लागू आहे. त्यात तापल्या माळावरून वर उठणारे गरम हवेचे लोट. जून-जुलैत पश्चिमेचा वारा असा सुटतो की पारनेर तालुक्यात सुप्याजवळ डोंगरांवर त्यासाठीच पवनचक्क्या उभारल्या गेल्या. तेव्हा नगर जिल्ह्यातल्या छोट्या विमानांचा मोसम म्हणजे हिवाळ्यातली सकाळ.

हे सगळं पोरखेळ वाटत असेल तर थोडा इतिहास. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं विमानविरोधी तोफांच्या नेमबाजीच्या सरावासाठी रेडिओप्लेन कंपनीची हजारो रिमोटची विमानं घेतली. ती कंपनी एका नटाच्या, रेजिनाल्ड डेनीच्या, मॉडेल विमानांच्या छंदातून उभी राहिली होती. 2023 मध्ये ऑस्ट्रेलियानं युक्रेनला कॉर्व्हो नावाची ड्रोन पाठवली, मेण चढवलेल्या बोर्डाची, चपट्या खोक्यात येणारी, रबर बँड लावून जोडायची. आणि नगरच्या रणगाड्यांच्या आसपास, संरक्षण खात्याच्या वाहन संशोधन संस्थेत, निशांत या टेहळणी विमानाच्या 55 अश्वशक्तीच्या वँकेल इंजिनाचं प्रज्वलन आणि इंधनाचं काम झालं. बंगळूरच्या राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेनं गाभा तयार केला, आणि 2009 मध्ये त्या इंजिनावर निशांत कोलारला उडालं. इंजिनाचं वजन सुमारे 30 किलो. तोच प्रश्न, जास्त दम आणि कमी वजन.

नियम मात्र आधी वाचा. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार छंदासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायच्या 25 किलोपर्यंतच्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट लागत नाही, पण आकाश मोकळं आहे असा त्याचा अर्थ नाही. शिर्डी विमानतळाच्या कुंपणापासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय काही उडवू नये. नगर शहराभोवती लष्कराच्या जमिनी आहेत, खारे-कर्जुन्याची तोफमाऱ्याची मैदानं आहेत. सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा उडवायच्या दिवशीच उघडून बघावा. लिपो बॅटरी उन्हात गाडीत सोडू नये, चार्जिंगला लावून झोपू नये. आणि पहिलंच विमान स्पिटफायर नको. आधी रुंद, सरळ पंखाचं, मागे पंखा असलेलं साधं ट्रेनर बांधा, ते दोन-चार वेळा आपटा, मग कटरचं नवीन पातं घेऊन लढाऊ विमानाला हात घाला.