अतिशीत वायू

अतिशीत वायू म्हणजे निरपेक्ष शून्याच्या (−२७३.१५° से.) वर जेमतेम काही मायक्रोकेल्व्हिन किंवा नॅनोकेल्व्हिन तापमानापर्यंत थंड केलेला अणूंचा वा रेणूंचा विरळ वायू होय.

प्रत्येक अणूशी निगडित असलेली द ब्रॉग्ली तरंगलांबी तापमान घटते तशी वाढते. सामान्य तापमानाला रुबिडियम अणूची ही लांबी सु. ०.०१ नॅनोमीटर, म्हणजे अणूच्या आकाराहूनही कमी असते. १०० नॅनोकेल्व्हिनला ती सु. ६०० नॅनोमीटर होते. मग शेजारच्या अणूंचे तरंग एकमेकांत मिसळतात. अणू बोसॉन असतील तर ते एकाच पुंज अवस्थेत गोळा होतात. सत्येंद्रनाथ बोस यांच्या १९२४ मधील कार्यावरून आइन्स्टाइन यांनी वर्तवलेले हे संघनन १९९५ मध्ये कॉर्नेल व वीमन यांनी रुबिडियमच्या वायूत घडवून दाखवले. दोन एकसारखे फर्मिऑन मात्र एका अवस्थेत राहू शकत नाहीत. वायू हवेच्या लाखाहून अधिक पट विरळ ठेवावा लागतो, नाहीतर तो गोठून घनरूप होईल.

शीतनासाठी अणूच्या अनुस्पंदन कंप्रतेहून किंचित कमी कंप्रतेचा लेसर वापरतात. डॉप्लर परिणामामुळे किरणाच्या दिशेने येणारा अणूच तो प्रकाश अधिक शोषतो व मंदावतो. एका फोटॉनने रुबिडियमचा वेग सेकंदाला केवळ सु. ६ मिलिमीटरने घटतो, म्हणून हे हजारो वेळा घडावे लागते. पुढचा टप्पा बाष्पीभवनाचा: कपातील चहा निवतो तसे सर्वांत ऊर्जावान अणू सापळ्यातून निसटू दिले जातात.

पुण्यातील प्रयोग

पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेतील (आयसर) उमाकांत रापोल व एम. एस. संथानम यांच्या गटांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या क्षेत्रातील मूळ अडचणीला भिडतो. शीत अणूंना लेसरच्या स्थिर तरंगाचे नियमित धक्के दिले, तर अभिजात यामिकीप्रमाणे त्यांची ऊर्जा वाढतच राहावी. पुंज व्यतिकरणामुळे ही वाढ थांबते. धक्क्यांत गोंगाट मिसळला की तरंगांची सुसंगती ढासळते, आणि सहसा हा ऱ्हास घातीय, म्हणजे फार वेगवान असतो. पुंज उपकरणे टिकवणे कठीण जाते ते यामुळेच. पुण्यातील संशोधकांनी लेव्ही प्रकारचा गोंगाट वापरला. त्यात सुसंगती बरीच सावकाश ढासळली, आणि लेव्ही घातांक बदलून हा वेग नियंत्रित करता आला.

रेणू

कंपन व परिभ्रमणाच्या अनेक अवस्थांमुळे रेणूंना थेट लेसरने थंड करणे अवघड जाते. म्हणून बहुधा आधी अणू थंड करून मग ते जोडले जातात. २००८ मध्ये अमेरिकेतील बोल्डर येथे पोटॅशियम-रुबिडियमचे रेणू असेच तयार झाले. पुढे त्यांच्यातील रासायनिक अभिक्रियेचा वेगही पुंज सांख्यिकीवर ठरतो असे दिसले: एकाच अवस्थेतील फर्मिऑन रेणू एकमेकांजवळ येण्याचे टाळतात, त्यामुळे अभिक्रिया मंदावते, दोन भिन्न अवस्थांचे रेणू मिसळताच ती अनेक पटींनी वाढते.