गाव की वाडी? अभ्यासाचं एकक ठरवताना

आराखड्यात आपण सहज लिहून टाकतो, 'अभ्यासाचे एकक : गाव'. मीही लिहिलं होतं. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतला दरडींचा धोका हा माझा विषय. जनगणनेची गावनिहाय यादी आयती मिळते, त्यामुळे प्रश्नच पडला नव्हता. तो पडला पोलादपूर तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत. "गावात घरं किती हो काका?" असं विचारलं, तर शिपाईकाका म्हणाले, "कुठल्या वाडीतली सांगू?"

आता 22 जुलै 2021 चा दिवस आठवा. सावित्री जिथे उगम पावते त्या महाबळेश्वरला 24 तासांत 590 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. खाली महाड शहर बुडालं आणि त्याच दिवशी तळीये इथे दरड कोसळून 80 हून अधिक माणसं गेली. बातम्यांत आलं 'तळीये गाव गाडलं गेलं'. प्रत्यक्षात गाडली गेली ती तळीयेची कोंडाळकरवाडी. तळीयेला आणखीही वाड्या आहेत, वेगवेगळ्या उतारांवर. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही दरडी आल्या. यातल्या दुसऱ्या नावातच सगळं आहे बघा : साखर हे गाव, सुतारवाडी ही वाडी.

वाडी नेमकी कुठे बसते? दरीतली सपाट जमीन भातासाठी राखलेली. मग घरं वर, उताराच्या एखाद्या टप्प्यावर, जवळ झरा बघून. असा टप्पा अनेकदा डोंगरावरून पूर्वी कधीतरी घसरून आलेल्या माती-दगडांचाच असतो. खाली बेसॉल्टचा कातळ, वर माती-मुरुमाचा थर. सलग पाऊस पडला की पाणी थरात मुरतं, पण कातळातून तितक्या वेगाने खाली जात नाही. थर जड होतो, आतल्या पाण्याचा दाब वाढतो, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि सगळं एकदम खाली येतं. म्हणजे ज्या झऱ्यामुळे वाडी तिथे वसली, त्याच पाण्यावर डोळा ठेवावा लागतो.

हे गावाच्या पातळीवर मोजायला गेलं की काय होतं? समजा, एका महसुली गावाची हद्द डोंगरमाथ्यापासून नदीपर्यंत आहे. मी त्या हद्दीचा सरासरी उतार काढला : 14 अंश. बरं वाटलं. पण त्यात नदीकाठची सगळी भातखाचरं आली. वाडीच्या मागचा उतार 30 अंशांचा असला तरी सरासरीत तो विरघळला. काही जण हद्दीचा मध्यबिंदू घेतात, ते तर त्याहून वाईट. माझ्या पहिल्या नकाशात तीन गावांचे मध्यबिंदू जंगलात पडले होते, जिथे एकही घर नाही! मार्गदर्शकांनी शांतपणे विचारलं, "इथे कोण राहतं?"

नकाशाचं प्रमाणही बघा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशभरासाठी केलेलं दरडप्रवणतेचं नकाशांकन 1:50,000 प्रमाणावरचं आहे. म्हणजे 1 सेंटिमीटरला 500 मीटर. तीसेक घरांची, दीडशे मीटर पसरलेली वाडी त्यावर 3 मिलिमीटर भरते. असा नकाशा कुठे लक्ष द्यायचं ते सांगतो. कोणाचं घर हलवायचं ते त्यावरून ठरवता येत नाही. तो त्यासाठी केलेलाच नाही, म्हणून दोष नकाशाला देऊ नका.

या एककावर माणसांचं बरंच अवलंबून असतं. 19 जुलै 2023 च्या रात्री रायगडातल्याच खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली. ही ठाकरांची वस्ती दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत नव्हती, असं सरकारने विधिमंडळात सांगितलं. पुनर्वसनातही पहिला प्रश्न हाच येतो : घर फक्त गाडल्या गेलेल्या वाडीला, की शेजारच्या उतारावर जीव मुठीत धरून राहणाऱ्यांनाही?

मग वाड्यांची यादी आणायची कुठून? एका ठिकाणी ती मिळत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवर बऱ्याच वाड्यांची नावं असतात, पण जुनी. मतदार यादीचे भाग वाडीवार पाडलेले दिसतात (फक्त नावं न घेता आकडे घ्या, माणसांची माहिती उचलू नका). सगळ्यात भरवशाच्या म्हणजे आशाताई. त्यांच्या वहीत घर न् घर असतं, शिवाय कुठलं बंद आहे, कोण मुंबईला गेलंय, हेही. मी उपग्रहाच्या चित्रावर छपरं मोजतो, मग ताईंकडून पडताळतो. एका वाडीत मला 41 छपरं दिसली होती. ताई हसल्या. त्यातले 13 गोठे होते.

वाडी हे एकक घेतलं की जनगणनेची साक्षरता, रोजगार, पाणीपुरवठा ही गावनिहाय माहिती थेट जोडता येत नाही. ती गावाची म्हणूनच ठेवा, वाड्यांत वाटून टाकू नका. लोकसंख्येच्या प्रमाणात वाटली की तक्ता छान दिसतो, पण त्यातले आकडे कोणीच मोजलेले नसतात. मी आता उतार, झरे, घरं हे वाडीच्या पातळीवर आणि बाकीचं गावाच्या पातळीवर, असे दोन वेगळे तक्ते ठेवलेत. पोलादपूरचा पहिला तक्ता अर्धा झालाय. महाडचा पाऊस उघडल्यावर.