निलगिरीचे लाकूड : स्वस्त आहे, पण घाई सोसत नाही

सागवान परवडत नाही म्हटले की गिऱ्हाईक दुसऱ्या लाकडाची चौकशी करते आणि वखारवाला निलगिरी पुढे करतो. पॅकिंगच्या पेट्या, पॅलेट, सेंटरिंगच्या बल्ल्या अशा कामात या लाकडाबद्दल फारशी तक्रार येत नाही. पण तेच लाकूड ओले असताना दरवाजाला किंवा पलंगाला लावले, की काही महिन्यांत झडप पीळ खाते, सांधे उघडतात आणि गिऱ्हाईक उरलेले पैसे अडवून ठेवते. नुकसान कारागिराचे होते आणि नाव लाकडाचे बदनाम होते. वास्तविक यात दोष लाकडाचा कमी आणि घाईचा जास्त असतो.

झाड कुठले?

निलगिरी म्हणजे युकॅलिप्टस. याच्या सातशेहून अधिक जाती असून जवळजवळ सर्व मूळच्या ऑस्ट्रेलियातील आहेत. म्हैसूरचे सुलतान टिपू यांनी सुमारे १७९० मध्ये बंगळूरजवळच्या नंदी टेकडीवरील बागेत ही झाडे लावली, अशी नोंद वनशास्त्राच्या पुस्तकांत आढळते. तेथून पसरलेल्या वाणाला ‘मैसूर गम’ म्हणतात. शास्त्रीय नाव युकॅलिप्टस टेरेटिकॉर्निस. आपल्याकडे मैदानी भागात मुख्यतः हीच जात आणि तिचे संकर लावले गेले. उटीकडील, तेलासाठी प्रसिद्ध असलेले झाड वेगळ्या जातीचे आहे.

गुण कोणते?

गाभ्याचे लाकूड फिकट लाल ते गडद तांबडे आणि सालीलगतचे पांढरट असते. ऑस्ट्रेलियात जुन्या जंगलातील झाडाचे वाळलेले लाकूड घनफुटाला २८ किलोच्या पुढे भरते. तेथे ते खांब, पूल आणि रेल्वेच्या स्लीपरसाठी वापरले गेले. आपल्याकडे कमी वयात तोडलेल्या झाडाचे लाकूड साधारण २० किलोच्या आसपास भरते, म्हणजे सागवानापेक्षा थोडे जड. मजबुतीत ते कमी नाही. मात्र जुन्या झाडाचा टिकाऊपणा कोवळ्या झाडाकडून अपेक्षू नये. जमिनीत पुरायच्या कामाला ते प्रक्रियेशिवाय वापरू नये. पांढऱ्या भागाला भुंगा लागतो. घरातील कामासाठी बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून घेतल्यास बचाव होतो, पण पावसात हे औषध धुऊन जाते.

खरी अडचण

भराभर वाढणाऱ्या या झाडाच्या खोडात ताण भरलेला असतो. बाहेरचा थर ताणलेला, तर मधला भाग दाबलेला. झाड तोडताच हा ताण मोकळा होतो, टोकाला चांदणीसारख्या चिरा पडतात आणि करवतीखाली फळी धनुष्यासारखी वाकते. त्यात हे लाकूड आकसतेही फार. सागवान रुंदीत पाच-सहा टक्के आकसते, तर हे आठ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे १२ इंचांची ओली फळी वाळल्यावर जवळपास ११ इंचांवर येते. ओल्या फळीवर बसवलेला सांधा मग कसा टिकणार?

उपाय

१) ओंडका शक्यतो जाड व जुन्या झाडाचा घ्यावा. तोडल्याबरोबर दोन्ही टोकांना डांबर, मेण किंवा जाड ऑइलपेंट लावावा. उन्हात पडू न देता लवकर चिरावा.

२) चिरताना एकाच बाजूने फळ्या काढत जाऊ नये. एक या बाजूने, एक त्या बाजूने काढावी. अगदी मधला भाग वेगळा काढून पेट्यांना वापरावा.

३) फळ्यांची थप्पी सावलीत लावावी. मध्ये दीड-दोन फुटांवर सारख्या जाडीच्या पट्ट्या एकाखाली एक ठेवाव्यात आणि वर वजन ठेवावे. ऊन व गरम वाऱ्याचा झोत लागू देऊ नये. इंचाच्या फळीला निदान चार-सहा महिने द्यावेत. ओल मोजण्याचे मीटर १२ ते १४ टक्के दाखवू लागले की काम सुरू करावे.

४) याची रेषा एकमेकांत गुंतलेली असते, त्यामुळे रंध्याखाली लाकूड उचकटते. पाते धारदार ठेवून पातळ कातरण घ्यावी. मशीनला कार्बाइड टोकाची करवत बरी. खिळा किंवा स्क्रू मारण्यापूर्वी ड्रिलने भोक पाडावे, नाहीतर फळी फाटते. सरस लावायचा तर ताज्या रंधलेल्या पृष्ठावर त्याच दिवशी लावावा. पॉलिश मात्र छान धरते.

कशाला वापरावे?

खुर्ची व पलंगाचे पाय, अवजारांचे दांडे, अरुंद पट्ट्या जोडून केलेली पाटी, पेट्या, पॅलेट यांना हे लाकूड योग्य आहे. एकाच रुंद फळीचे काम किंवा घाईची ऑर्डर असेल तर दुसरे लाकूड घ्यावे.

शेवटी व्यवहाराची गोष्ट. वाळलेल्या मालासाठी वखारवाल्याने दोन पैसे जास्त घेतले तर ते महाग नाही. आणि निलगिरीला पॉलिश मारून ती सागवान म्हणून विकण्यापेक्षा ‘ही निलगिरी आहे, पण पूर्ण वाळवलेली आहे’ असे गिऱ्हाईकाला सरळ सांगावे. असा कारागीर लाकूड कमी भावाचे वापरतो, पण त्याचे नाव बाजारात कमी भावाचे होत नाही.