तीन मिनिटांचं रान

बारामती तालुक्यातल्या पणदऱ्यात जंगल दाखवायचं म्हणजे पंचाईत. ब्रिटिश अमदानीतल्या नीरा डाव्या कालव्यानं हा पट्टा असा बागायती करून ठेवलाय की नजर जाईल तिथं ऊस. आणि भावकीतल्या पोराला नेमका जंगलात तग धरून राहण्याच्या टीव्ही कार्यक्रमासाठी अर्ज भरायचा होता. अर्जासोबत तीन मिनिटांचा व्हिडिओ मागितलेला. लग्नाच्या शूटिंगमुळे माझा कॅमेऱ्यावर हात बसलेला, म्हणून मला बोलावणं. कार्यक्रमाचं नाव इथं घेत नाही; गुप्ततेच्या अटीपुढं त्यानं टिचकी मारली आहे.

या कार्यक्रमांची सुरुवात स्वीडनमधली. तिथं १९९७ मध्ये ‘एक्स्पेडिशन रॉबिन्सन’ सुरू झाला, २००० मध्ये अमेरिकेनं त्याचं ‘सर्व्हायवर’ केलं. २०१२ मध्ये स्टार प्लसनं फिलिपिन्सच्या कारामोअन बेटांवर चित्रित केलेली त्याची हिंदी आवृत्ती दाखवली, पण ती काही रुजली नाही. आपल्या पोरांना ठाऊक ते २००३ पासूनचं ‘रोडीज’. त्याच्या ऑडिशनला पुण्यात रांगा लागतात. आधी गटचर्चा, मग मुलाखत. बारामती तालुक्याच्या पोरांना मात्र खरी आशा लावली ती मोढव्याच्या सूरज चव्हाणनं. मोबाइलवर व्हिडिओ टाकणारा, मजुरी करून वाढलेला हा पोरगा ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘बिग बॉस मराठी’ जिंकला. तो कार्यक्रम जंगलातला नव्हे, बंद घरातला. पण तेव्हापासून आमच्याकडं ‘आपलं कुठं घेतात’ हे कुणी म्हणेनासं झालंय.

फॉर्म मोबाइलवरच होता. उंची, वजन, जुने आजार, कशाची ॲलर्जी, पोलीस केस आहे का, वाहिनीत कुणी नातेवाईक आहे का, इथपर्यंत तो भराभर सरकला. पुढं गाडी अडली. शेवटचं कधी रडलास? घरात कुणाशी पटत नाही? तुझ्यावर लोक का चिडतात? ‘‘काका, ह्यात जंगल कुठंय?’’ त्यानं विचारलं. प्रश्न बरोबर होता. काटक माणूस शोधायला वाहिनीला वेळ लागत नाही. बारा अनोळखी माणसांत भांडेल, रडेल आणि वर कॅमेऱ्याकडं बघून त्याचं कारणही सांगेल, असा माणूस त्यांना हवा असतो. आमच्याकडं स्वतःबद्दल फार बोलणाऱ्याला शहाणा म्हणत नाहीत. तीन मिनिटं फक्त ‘मी, मी’ करायचं हे त्याला कालव्यात उडी मारण्यापेक्षा जड गेलं.

पहिलं शूटिंग उसाच्या बांधावर. ऑनलाइन मागवलेली चकमक त्यानं घासली आणि पाचटानं क्षणात पेट घेतला. व्हिडिओत झकास दिसलं असतं, पण आम्ही दोघांनी आधी पायांनी ती आग तुडवली. तोडीला आलेल्या उसाशेजारी जाळ म्हणजे काय, हे इथल्या पोराला सांगावं लागत नाही. शिवाय कोरडं पाचट कुणीही पेटवेल. पावसात भिजलेल्या रानात काय करणार, हा प्रश्न होताच.

मग जागा बदलली. कॅमेऱ्यातून बघतो तर त्याच्या मागं ऊसतोड कामगारांच्या कोप्या. एक बाई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापत होती, शेजारी झोळीत पोर. हंगामभर असं उघड्यावर राहायचं, पहाटेच्या थंडीत फडात शिरायचं, मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॉलीत चढायचं. पोरगा म्हणाला, ‘‘काका, अँगल बदला, बॅकग्राउंड चांगलं न्हाई.’’ मी बदलला. पण तग धरण्याचा खरा नमुना आम्ही चौकटीबाहेर काढला, हे मला कळत होतं.

शेवटी मोटारसायकलीवर शिर्सुफळच्या बाजूला गेलो. तिकडं पाणी कमी आणि माळ मोकळा. लांडगा, खोकड, चिंकारा यांचा मुलूख. वनखात्याची गवताळ सफारीही तिथं आहे. आम्ही वनहद्दीत न शिरता पडीक रानात कॅमेरा लावला. ‘आयुष्यातली सर्वांत कठीण रात्र’ सांगायची होती. त्यानं हरिश्चंद्रगडावरचा पावसाळी मुक्काम पाठ करून आणलेला. पुण्याची निम्मी पोरं हेच सांगत असणार. मी म्हणालो, ‘‘रात्रीची लाइट असती तेव्हा उसाला दारं धरायला जातोस, ते सांग की.’’

‘‘त्यात काय सांगायचं? सगळीच धरत्यात.’’

बरंच डोकं खाल्ल्यावर बोलला. डिसेंबरातले रात्रीचे दोन, गुडघाभर गार पाणी, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस, हातात खोरं आणि बॅटरी. फुटलेला पाट बुजवताना हाताशेजारी घोणस. ती सरकेपर्यंत तो हललाच नाही, कारण हलला असता तर पाट पुन्हा फुटला असता. साप परवडला, पण पाणी शेजाऱ्याच्या वावरात गेलं असतं तर वडिलांनी सोडलं नसतं, असं म्हणून तो हसला. तोच टेक आम्ही ठेवला. गड काढून टाकला.

घरी त्यानं फोनवर ‘अलोन’ लावून दाखवलं. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या अमेरिकी कार्यक्रमात प्रत्येकाला दहा वस्तू निवडून एकटं सोडतात, चित्रीकरणही ज्याचं त्यानंच करायचं. उपासमारीनं वजन फार उतरलं की डॉक्टर घरी पाठवतात. आजीनं बराच वेळ बघितलं. ‘‘उपाशी ऱ्हायाचं पैसं देत्यात व्हय रं? मग माझ्या एकादश्यांचा हिशेब कर की.’’ पोरानं स्वतःसाठी केलेल्या दहा वस्तूंच्या यादीत सगळ्यात वर कोयता लिहिला होता, त्यावर मात्र तिचं काही म्हणणं नव्हतं.

अर्ज पाठवायच्या आधी मी एवढंच बघितलं की कुठं नोंदणीचे पैसे तर मागत नाहीत ना. असे पैसे उकळणारे बनावट ‘कास्टिंगवाले’ बरेच झालेत. शेवटचा रकाना तारखांचा होता: सलग किती दिवस आणि कधी येऊ शकाल? पोरानं वडिलांना विचारलं. जुलैच्या मध्यापासून उसाची आडसाली लागण, तेव्हा हलायचं नाही. कारखाना सुरू झाला की तोड कधी येईल सांगता येत नाही, तेव्हाही नाही. त्यानं लिहिलं, ‘१५ ऑगस्ट ते दसरा, चाळीस दिवस चालतील’, आणि पाठवायचं बटण दाबलं.